आधी खेळ की थेट तालीम?

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या पट्ट्यात नाटक म्हणजे घरचंच काम. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचे, प्रयोग सुरू होतात आणि रात्रभर चालतात. त्यामुळे पोरांना अभिनय शिकवायचा म्हटलं की लोकांचं ठरलेलं: संहिता द्या, पाठ करून घ्या, उभं करा.

या पद्धतीत दम आहे. आवाज शेवटच्या माणसापर्यंत फेकायची सवय लागते, शब्द स्वच्छ होतात. पण पोरगं समोरच्याचं ऐकतच नाही, आपल्या वाक्याची वाट बघत उभं राहतं. वाक्य विसरलं की संपलं.

दुसरा रस्ता नाट्यखेळांचा. शिकागोत व्हायोला स्पोलिन या नाट्यशिक्षिकेनं स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना हे खेळ घडवले. आरशाचा खेळ घ्या: दोघं समोरासमोर, एक हलतो, दुसरा हुबेहूब तसंच करतो. मग न सांगता अदलाबदल. लक्ष देणं आपोआप येतं.

वस्तूचा खेळ माझा लाडका: हातातली वस्तू दुसरंच काही आहे असं समजून वापरायची. आठवीतल्या एका लाजऱ्या पोरीला मी दुपट्टा दिला. तिनं त्याची घडी केली, काखेत धरली, एका बोटानं कान खाजवला. शेळीचं पिल्लू! सगळे गप्प. हीच पोरगी संवाद म्हणताना जमिनीकडं बघायची.

खेळांची खोड एकच, गोंगाट फार. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दोनदा येऊन गेले. आणि नुसत्या खेळांवर आवाज काही मोकळा होत नाही.

महिनाभर हाती असेल तर मी पहिले पंधरा दिवस संहिता पेटीतच ठेवतो. गॅदरिंग आठ दिवसांवर आलं असेल, तर मात्र सरळ पाठांतर.