हार्ड डिस्कचं ‘हेड गेलं’ म्हणून 14,000 घेतले, खराब होती केबल

आपल्या भागातल्या फोटोवाल्यांना, सेतू केंद्रवाल्यांना, शाळेच्या मास्तरांना हा प्रकार कधी ना कधी भेटणारच आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, तिचा लाइट लागला, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. अशा वेळी माणूस जो घाबरतो, त्या घाबरण्यावर काही दुकानं चालतात.

आमचा स्टुडिओ दारव्हा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. लग्नाची शूटिंग, मिक्सिंग, अल्बम, आणि एरवी पासपोर्ट फोटो नि झेरॉक्स. लगनसराई सरता सरता, ऐन नवतप्यात, 2 टीबीची हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. त्या हंगामातली बरीच लग्नं तिच्यात होती आणि मिक्सिंग व्हायचं होतं. डिस्क कानाशी धरली की आत काहीतरी फिरायला लागायचं, टक् वाजायचं, थांबायचं, आणि पुन्हा तेच.

शहरातल्या ज्या दुकानात गेलो तिथं काचेचं दार, एसी, भिंतीवर डेटा रिकव्हरीचा मोठा बोर्ड. काउंटरवरच्या माणसानं डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावली, तीही आमच्याच केबलनं, आणि आवाज ऐकून लगेच मान हलवली. ‘‘भाऊ, हेड गेलं हाय. हे इथं होत नाही, मुंबईले क्लीन रूममधी पाठवा लागते. घरी पुन्हा लावून पाह्याल तर प्लॅटर खरडते, मग देवालेही जमत नाही.’’ हेड म्हणजे डिस्कमधल्या फिरत्या तबकडीवरचा, म्हणजे प्लॅटरवरचा, डेटा वाचणारा भाग. तपासणीचे 500 घेतले, छापील पावती दिली, डिस्क ठेवून घेतली.

मग फोन सुरू झाले. आधी ‘मुंबईहून रिपोर्ट आला’, मग ‘डोनर डिस्क शोधणं चालू हाय’, मग ‘आज अर्धे टाकले तरच नंबर लागते’. एकूण 14,000 रिकव्हरीचे. वरून 4,500 नव्या डिस्कचे, कारण म्हणे जुनीत आता डेटा ठेवता येणार नाही. बाबा म्हणाले, ‘‘एवढ्यात पेरणीचं बियाणं येते.’’ पण लोकांच्या घरची लग्नं पुन्हा लागत नाहीत. पैसे टाकले.

या थापेची खुबी अशी, की तिच्यातला प्रत्येक शब्द कुठल्यातरी दुसऱ्या डिस्कबद्दल खरा असतो. हेड खरोखर जातात. गेले की टक् टक् आवाज येतो. डिस्क उघडायला धूळ नसलेली खोली, म्हणजे क्लीन रूम लागते, दुसऱ्या तशाच डिस्कचं, म्हणजे डोनरचं, हेड काढून बसवावं लागतं, आणि बिघडलेली डिस्क चालू ठेवली तर आतली तबकडी खरंच खरडते. यूट्यूबवर शोधलं तरी हेच निघतं, त्यामुळे दुकानदारावर संशय येण्याऐवजी विश्वासच वाढतो.

डिस्क आणायला गेलो तेव्हा जुनी डिस्क परत द्यायला तो तयार नव्हता. ‘‘भंगार हाय, आम्ही फेकून देतो.’’ पण तिच्यात लोकांच्या लेकीबाळींचे फोटो, हळदीचे, मेंदीचे व्हिडिओ. ते कुणाच्या भंगारात कसे सोडायचे? हटून बसलो, तेव्हा आतून आणून दिली. खरं तर आणखी एक गोष्ट तिथंच डोक्यात यायला हवी कुणाच्याही: डेटा काढून देणाऱ्याकडे त्या डेटाची कॉपी राहते की नाही, हे कोणीच विचारत नाही, आणि पावतीवर त्याबद्दल एक अक्षर नसतं.

भांडं फोडलं भाच्यानं. तो यवतमाळला पॉलिटेक्निकला आहे. मिक्सिंगसाठी फाइली लावताना त्यानं एका व्हिडिओवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि म्हणाला, ‘‘मामा, हे पाहा बरं.’’ तिथं दोन तारखा होत्या. ‘मॉडिफाइड’समोर लग्नाची तारीख. आणि ‘क्रिएटेड’समोर, आम्ही ज्या दिवशी दुपारी डिस्क दुकानात दिली, त्याच दिवशीची संध्याकाळ.

विंडोजमध्ये फाइल एका डिस्कवरून दुसरीवर साधी कॉपी केली, की मॉडिफाइडची तारीख जुनीच राहते, पण क्रिएटेडसमोर कॉपी केल्याची वेळ पडते. एकेक फोल्डर उघडून पाहिलं. सगळ्यांवर तीच संध्याकाळ, मिनिटं तेवढी पुढं सरकत गेलेली. म्हणजे मुंबई नाही, क्लीन रूम नाही, डोनर नाही. त्यानं आमच्या माघारी केबल बदलली, डिस्क दिसली, त्याच संध्याकाळी डेटा कॉपी करून ठेवला आणि पुढं आम्हाला नुसते फोन केले.

मग भाच्यानं जुनी डिस्क हातात घेतली. तिचं प्लॅस्टिकचं कव्हर खटक्यांवर बसलेलं असतं, उघडलं की सांध्यावर ओरखडे पडतात. एकही ओरखडा नव्हता. या डिस्कची केबल रुंद तोंडाची असते, दोन पिना शेजारी जोडल्यासारखी. फार लोकांना माहीत नाही, पण त्या सॉकेटच्या रुंद भागात जुन्या अँड्रॉइड मोबाइलची मायक्रो यूएसबी केबल बसते. स्पीड कमी मिळतो, पण डिस्क चालू शकते. केबल डेटावाली पाहिजे, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. खणातली एक जुनी केबल काढून मागच्या पोर्टला लावली. टक् वाजलं नाही. कॉम्प्युटर टुंग करून बोलला आणि ‘हेड गेलेली’ डिस्क स्क्रीनवर हजर.

आवाज कशाचा होता तर विजेचा. या छोट्या डिस्कला वेगळा चार्जर नसतो, ती यूएसबीवरच चालते. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टमधून 500 मिलिअँपिअर मिळतात, निळ्या 3.0 मधून 900. मोटर फिरायला सुरुवात होताना सगळ्यात जास्त ओढ लागते. केबल आतून तुटत आलेली असेल, डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लावली असेल किंवा मध्ये लांब एक्स्टेन्शन असेल, तर मोटर उचलते, पॉवर पडते, हेड जागेवर परत जातं, टक्. लाइटला मात्र फार कमी करंट लागतो, म्हणून तो लागलेलाच राहतो आणि आपल्याला वाटतं पॉवर तर नीट मिळून राहिली आहे.

म्हणून आधी केबल बदलून पाहा, मग डेस्कटॉपचं मागचं पोर्ट, मग दुसरा कॉम्प्युटर. चांगल्या केबलनं, दुसऱ्या मशीनवरही टक् टक् येतच असेल, तर मात्र डिस्क काढून ठेवा, पुन्हा पुन्हा लावू नका. ते दुखणं खरं असू शकतं. आवाज नाही, डिस्क व्यवस्थित फिरते, तरी ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही, असं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथं डिस्क पूर्ण साइजसकट दिसली आणि फक्त तिच्यापुढं ई, एफ असं अक्षर नसलं, तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून अक्षर द्या, काम झालं. एवढ्याचेही पैसे घेणारे आहेत. ‘रॉ’ लिहून आलं किंवा विंडोज फॉरमॅट करू का, इनिशियलाइज करू का विचारू लागलं, तर कॅन्सल दाबा. बाकी महत्त्वाचा डेटा असेल तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. पार्टिशन हरवलं असेल तर टेस्टडिस्क, आणि नुसते फोटो-व्हिडिओ काढायचे असतील तर फोटोरेक, ही फुकटची सॉफ्टवेअर आहेत. निघालेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर घ्यायच्या.

आता त्या 4,500 च्या ‘नव्या’ डिस्कचं ऐका. भाच्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. डिस्क किती तास चालली, याचा आकडा डिस्क स्वतःच आत लिहून ठेवते आणि हे सॉफ्टवेअर तो दाखवतं. नव्या डिस्कवर दोन-चार तास असावेत. हिच्यावर 19,000 च्या वर होते, म्हणजे दिवसरात्र चालवली तरी दोन वर्षांहून जास्त. कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपमधली डिस्क काढून बाजारात मिळणाऱ्या केसमध्ये घातलेली. डिस्क घेतल्या दिवशीच हा आकडा पाहत जा. आणि दुरुस्तीला देताना लेबलवरच्या सिरियल नंबरचा फोटो दुकानदारासमोर काढा, नंबर पावतीवर लिहून घ्या. नाही तर परत आलेली डिस्क आपलीच आहे, हे कशावरून सांगाल?

दुकानात जाऊन तारखा दाखवल्या. काउंटरवरचा म्हणाला, ‘‘भाऊ, आमच्या कॉम्प्युटरचं घड्याळच गडबड करते, तारखेचं काय घेऊन बसले!’’ भाच्यानं पावती पुढं केली. तिच्यावर तारीख आणि वेळ छापलेली, तीही त्यांच्याच कॉम्प्युटरवरून निघालेली आणि अगदी बरोबर. ‘‘मग हे दुपारी बरोबर नि संध्याकाळी गडबड, असं कसं जी?’’ त्यावर मालक बाहेर आला आणि आवाज चढला.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानदारानं दाद दिली नाही. नंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. 2019 च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकानाच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि 2 वर्षांची मुदत असते. दुकानदाराचं म्हणणं आलं, की डिस्क धंद्यासाठी होती म्हणून आम्ही ग्राहकच नाही. पण स्वतःच्या हातानं काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा धंद्यासाठी घेतलेली धरत नाही. आयोग काय ठरवतो ते कळेलच.

तोवर त्याचे फोन आता वेगळ्या सुरात येतात: ती दुसरी डिस्क तेवढी आणून द्या, साडेचार हजार रोख घेऊन जा. डिस्क दिलेली नाही. सगळ्या फाइलींच्या तारखा तिच्यावरच आहेत, आणि आम्ही तिच्यावर एक नवा फोल्डरही केलेला नाही.