डिलिव्हरी इथं झालीच नाही, तरी 5 स्टार

माझी डिलिव्हरी या हॉस्पिटलात झाली नाही तरी 5 स्टार देतेय, का ते वाचा. सव्विसावा आठवडा चालू होता, संध्याकाळपासून ओटीपोटात ओढ लागत होती, सासूबाई म्हणाल्या गॅस असेल ओवा खा, मीपण खाल्ला, पण दुखणं दर दहा मिनिटांनी यायला लागलं तसं ह्यांना उठवलं आणि साडेअकराला इथं येऊन बेल मारली. डॉक्टर मॅडम वरच राहतात, गाऊनवर शाल टाकून तशाच खाली आल्या. आतून सोनोग्राफी केली, पिशवीच्या तोंडाची लांबी 14 मिमी, आणि 25 च्या खाली म्हणजेच काळजी असते म्हणे.

मॅडम सरळ बोलल्या, इतक्या लहान बाळाला लागणारं एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) माझ्याकडे नाही, पुण्याला जा, पण बाळ पोटात असतानाच जा, बाहेर आल्यावर न्यायला फार अवघड. ठेवून घेऊन बिल करता आलं असतं की त्यांना! लगेच कळा थांबवायची गोळी दिली, बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्साचं पहिलं इंजेक्शन दिलं (दर 12 तासांनी एक, अशी चार), आणि चिठ्ठीवर वेळ मोठ्या अक्षरात लिहिली, 11:50. पुण्यात स्वतः फोन करून बेड आहे का विचारलं, 108 पण त्यांनीच बोलावली. जेजुरीला अंधारातच खंडोबाला हात जोडले, दिवे घाटात प्रत्येक वळणाला पोट धरून.

पुण्याच्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही, डिपॉझिटच्या काउंटरवर ह्यांना पाऊण तास उभं केलं त्यांनी. पण बाळाचे डॉक्टर आधीच येऊन शेजारी बसले, श्वासाची नळी, मेंदूतला रक्तस्राव, डोळ्यांची तपासणी, सगळं न लपवता सांगितलं. ती चिठ्ठी बघूनच दुसरं इंजेक्शन बरोबर 11:50 ला मिळालं. चौथं झालं आणि त्याच रात्री मॅग्नेशियम लावलं, बाळाच्या मेंदूसाठी असतं ते, अंगाची नुसती आग झाली. पहाटे मुलगी. 880 ग्रॅम. 71 दिवस काचेत होती, आता दोडका देऊन बघा, तोंड फिरवते.

तक्रार एकच, इथल्या ओपीडीत नंबर लावूनपण दोन-अडीच तास जातात आणि बाकड्यांना पाठ नाही. उशी घेऊन जा.