आजीचं लुगडं, आईचं पातळ आणि नऊ महिने पांघरलेली वाकळ

गेल्या वैशाखात शिवून घेतलेली वाकळ ज्येष्ठापासून रोज अंगावर आहे. आता माघ सरत आला. एक अख्खा पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि पुण्याची थंडी तिने पाहिली, तीनदा धुऊनही झाली. घरातल्या जुन्या साड्यांची गोधडी शिवून घ्यावी का, कोणतं कापड द्यावं, टिकते का, असं ओळखीच्या चार-पाच जणींनी विचारलं. फोनवर दर वेळी अर्धवटच सांगून व्हायचं, म्हणून आता सगळं लिहून काढते.

आमच्या कऱ्हाड भागात तिला वाकळच म्हणतात. गोधडी हा शब्द पुण्यात आल्यावर तोंडात बसला. तान्ह्या बाळाचं ते दुपटं, एकाच लुगड्याचे चार पदर करून शिवली की चौघडी, आणि घरातलं सगळं जुनं पोटात घेऊन जाडजूड झाली की वाकळ. दोन वर्षांपूर्वी मी एक तयार गोधडी ऑनलाइन मागवली होती. फोटोत सुरेख दिसायची. हातात आल्यावर कळलं की वर सुती ठिगळांची छपाई, आत पॉलिस्टरचा कापूस आणि शिलाई मशीनची. दोन धुण्यांत आतला कापूस एका कडेला गोळा झाला. तेव्हाच ठरवलं, घरच्याच कापडाची हाताने शिवून घ्यायची.

आई गेल्यावर तिची ट्रंक माझ्याकडे आली होती. त्यात आजीचं एक इरकली लुगडं, गर्द निळं, काठ लाल. इरकलीचं अंग सुती असतं आणि लाल-पांढरा टोपपदर रेशमी झाकेचा, वेगळा ताणा जोडून विणलेला. आजीच्या लुगड्याचा पदर त्या जोडावरच विरला होता, पण अंग अजून धडधाकट. त्याखाली आजोबांचं एक धोतर, कडेला मिलचा निळा शिक्का, त्यातला आकडा अर्धा पुसलेला. आईची दोन तलम सुती वायलची पातळं होती: एक फुलाफुलांचं, बाहेर जाताना नेसायचं, आणि एक घरात नेसायचं, फिकट पिस्ता रंगाचं, पदराला हळदीचा डाग पडलेलं. आणखी एक साडी टेरिलीनची, म्हणजे पॉलिस्टरची, गुलाबी. माझ्या बारशाला आईने ती नेसली होती. फोटोही आहे.

वायलची दोन्ही पातळं मुंबईहून आलेली. आईचा मामा परळला मिलमध्ये होता. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घराघरांतला एखादा माणूस तेव्हा गिरणगावात असायचा. मामा गणपतीला यायचा तेव्हा एसटीच्या टपावरून त्याची वळकटी उतरायची आणि त्यात कटपीस, मांजरपाट, एखादं पातळ असायचंच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मामा गावी परतला तो परतलाच. त्यानंतर घरात आलेल्या साड्या बहुतेक सिंथेटिक. आईची ट्रंक उघडली की हे वरून खाली थरांनी दिसतं: वर चमकणारं, न चुरगळणारं कापड आणि तळाशी मऊ सूत.

वाकळ शिवणाऱ्या मावशी माहेरच्या गावातल्याच, सत्तरीला टेकलेल्या. मी सगळं गाठोडं त्यांच्या ओसरीवर सोडलं. त्यांनी रंग, नक्षी काही पाहिलं नाही. प्रत्येक कापड उजेडाला धरलं, मग दोन अंगठ्यांत ताणून बघितलं. इरकलीवरून हात फिरवत म्हणाल्या, "ह्यात जीव हाय अजून." धोतर पसंत पडलं, फुलांचं वायल पसंत पडलं. टेरिलीनला हात लावला आणि बाजूला सारलं.

"ताई, ह्यो बुळबुळीत कपडा टाका धरत न्हाई. ठिवून दे ट्रंकंत."

"मावशी, माझ्या बारशाची साडी आहे ती. आईची आठवण आहे. ती पाहिजेच."

"आठवण ट्रंकंत बी ऱ्हातीया की. आन् ते दुसरं पातळ का दिईनास? ते मऊ झालंय बग चांगलं."

डाग आहे म्हणून मी पिस्ता पातळ गाठोड्यात परत ठेवलं. टेरिलीनचा हट्ट सोडला नाही. मावशींनी जास्त वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "मग पोटात घालते. वर न्हाई घालायची." तिथे मी त्यांचं ऐकायला हवं होतं, ते का ते पुढे येईलच.

आता मापाचं सांगते, कारण यात लुगड्याचा हिशोब फार सुंदर बसतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा, म्हणजे एका माणसाच्या उंचीहून थोडा जास्त. चारही एकावर एक ठेवले तर एकट्याची चौघडी तयार. दोन-दोन शेजारी जोडले तर दोघांना पुरेल असे दोन थर. वाया काहीच जात नाही. पाचवारी पातळाचे आणि धोतराचे दोन-दोन तुकडे जोडून एकेक थर होतो आणि उरलेल्यातून काठाची पट्टी निघते. माझ्या वाकळीत असे पाच थर आहेत: वर इरकल, मग धोतर, मधोमध टेरिलीन, मग इरकलीचा दुसरा थर आणि अंगाला लागतं ते फुलांचं वायल.

शिलाई साध्या धावदोऱ्याची. मावशींनी थर अंगणात अंथरले, कडांवर दगड ठेवले, मोठाले टाके घालून आधी सगळं टाचून घेतलं. मग कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत फिरत आत, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यापासून बोटभर आत, शेवटी मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाठ. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या मूळच्या आफ्रिकी सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती शिलाईही अशीच बाहेरून आत जाते. त्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात. आमच्याकडे कोपरे साधेच. कडेपासून मधोमध येईपर्यंत मी ओळी मोजल्या, ५४ भरल्या. सरासरी फेरा सव्वाचार मीटर धरला तरी सव्वादोनशे मीटरच्या वर दोरा. तो सगळा एका बाईच्या दोन बोटांतून गेलेला. शिवायला पाच आठवडे लागले. मावशींनी मजुरी २,२०० रुपये सांगितली. मी ३,००० दिले आणि तेही कमीच वाटतात.

पहिले आठ-दहा दिवस वाकळ अंगावर बसत नाही. नवी शिलाई ताठ असते, पांघरली तर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. कोणी तेवढ्यावरून नाराज होऊ नये. पहिल्या धुण्यानंतर दोरा थोडा आटतो, दोन ओळींमधलं कापड बारीक फुगतं आणि अंगभर ती ओळखीची सुरकुती येते. तिथून पुढे ती अंगाची होते. वजन माझ्या वाकळीचं अडीच किलोच्या आतबाहेर. हलक्या रजईची सवय असलेल्यांना जड वाटेल. मला त्या वजनानेच झोप लागते. दुलईत आपण हवेखाली झोपतो; वाकळ अंगाला चिकटून येते, खांद्याच्या खळगीत, गुडघ्यामागे.

पावसाळ्यात तिची खरी किंमत कळली. आषाढात चादर ओलसर गार लागते, ब्लँकेटमध्ये घाम येतो. वाकळीत दोन्ही नाही. सुती कापड हवेतली ओल आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत सहज धरतं आणि तरी हाताला कोरडं लागतं. टेरिलीन अर्धा टक्काही धरत नाही, घाम अंगावरच राहतो. मात्र पावसाळ्यात तिची काळजी घ्यावी लागते. ऊन नसलं की आठवडाभरात कुबट वास धरते. उघडीप मिळाली की तासभर गॅलरीत टाकायची आणि घडी करून कपाटात कोंडायची नाही, एवढं सांभाळलं की पुरतं.

धुण्याबद्दल दोन गोष्टी. पहिल्या धुण्याआधी मावशींनी बजावलं होतं, लाल काठाचा रंग सुटेल, आधी नुसत्या गार पाण्यात कड भिजवून रंग काढून घे. गडबडीत मी अख्खी वाकळ साबणाच्या कोमट पाण्यात घातली. धोतराची पांढरी पट्टी काठाला लावली होती, ती एका बाजूने गुलाबी झाली. ती अजूनही तशीच आहे. दुसरं म्हणजे मशीन. ओली वाकळ इतकी जड होते की दुसऱ्या धुण्याला आमचं मशीन फिरताना हादरायला लागलं आणि कोपऱ्यातली एक ओळ हातभर उसवली. मशीनमध्ये घालूच नका. टबात पायाने तुडवायची आणि दोघींनी दोन टोकं धरून पिळायची.

तिसरं धुणं घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात काढलं. लहानपणी त्या दिवसांत गावातल्या सगळ्या वाकळा कृष्णेवर जायच्या. बैलगाडीत ढीग, वर आम्ही पोरं. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दगडावर आपटायच्या, आणि दुपारी काठावरचे खडक दिसेनासे व्हायचे, सगळीकडे लुगड्यांचे रंग वाळत पडलेले. कोणाच्या घरात कोण नवीन आलं, कोण गेलं, हे वाकळींवरून कळायचं. गेलेल्या म्हातारीचं लुगडं पुढच्या वर्षी कुणाच्या तरी वाकळीत दिसायचं आणि एखादी बाई धुता धुता थांबून म्हणायची, हे आमच्या सासूचं. यंदा मी आणि मुलीने गच्चीत धुतली. वाळायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उचलली तेव्हा ती उन्हाने गरम होती आणि मुलगी तिथेच गच्चीत तिच्यात शिरून बसली.

आता टेरिलीनबद्दल. ज्येष्ठ-आषाढात काही जाणवलं नाही. ऑक्टोबरात रात्री दोनला घामाने जाग यायला लागली. पाचांतला एकच थर टेरिलीनचा, पण तो मधोमध, त्यामुळे आतली वाफ बाहेर जाईना. मधोमध प्लास्टिकचा कागद घातल्यासारखं झालं. आणि मावशी म्हणाल्या होत्या तेही खरं ठरलं. सुती धागा टाक्याला आवळून धरतो, या गुळगुळीत कापडाचे धागे टाक्यापासून सरकतात. मशीनमध्ये जिथे ओळ उसवली, तिथे टेरिलीनचा तुकडा दुमडून त्याची गाठ झाली आहे, झोपेत हाताला लागते. मावशींनी कापड अंगठ्यांत ताणून पाहिलं होतं, मी फोटो आठवून निवडलं होतं. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते: साडी कोणाची होती ते बघा, पण द्यायची की नाही ते सूत बघून ठरवा. उजेडाला धरा, ताणून बघा. शंभर वेळा धुतलेलं, नेसून नेसून मऊ झालेलं सुती कापड सगळ्यांत चांगलं. जरीचे काठ, नायलॉन, टेरिलीन, जॉर्जेट, कितीही जिवाभावाचं असो, वाकळीत नको. अगदी विरलेलंही वरच्या थराला नको; मावशींनी इरकलीचा पदर म्हणूनच काढून टाकला.

थंडीत मात्र तिच्यात काही उणं काढायला जागा नाही. पौषात पहाटे गारठा असायचा, वर दुसरं काही लागलं नाही. घरात सोलापुरी चादरी आहेत, त्या विणीला तोड नाही, पण या दिवसांत सगळे वाकळीसाठीच भांडत होते.

होळीनंतर पुन्हा उकाडा सुरू होईल. मावशींना फोन करून विचारलं, मधला एकच थर काढता येईल का. त्या म्हणाल्या, "उसवायची तर सगळीच. मदनं सुरुवात कर, जशी शिवलिया तशी उलटी. होळी झाली की घिऊन ये. आन् पोटात घालाय एक मऊ पातळ बगून ठेव."

रोज रात्री जेवणं झाली की चार-पाच ओळी उसवते. मधल्या गाठीपासून निघाले, आता २३ व्या ओळीवर आहे. दोरा निघतो तिथे इरकलीच्या निळ्यावर बारीक भोकांची रांग राहते, आणि ओळीखाली झाकलेला निळा रंग बाकीच्यापेक्षा गडद आहे, आजी नेसायची तेव्हा असेल तसा. टेरिलीनची साडी धुऊन घडी करून बारशाच्या फोटोजवळ ठेवणार आहे. तिच्या जागी आईचं घरातलं पिस्ता पातळ काढून ठेवलंय, पदराच्या हळदीच्या डागासकट.