एचएफ, जर्सी की गीर? आमच्या गोठ्यातल्या कांड्यांचा रिव्ह्यू

आमच्याकडे नगर जिल्ह्यात गाय माजावर आली की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, एचएफ भरू ना? (म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीचं कृत्रिम रेतन.) आणि ९० टक्के लोक हो म्हणून मोकळे होतात. मी तिन्ही जातींच्या कांड्या (वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) वापरल्यात, म्हणून लिहितोय.

एचएफ - ५ पैकी ३ स्टार. दुधाला तोड नाही, पहिल्या क्रॉसची कालवड म्हणजे गावठी आईचा काटकपणा आणि बापाचं दूध, एकदम भारी जनावर. घोळ होतो पुढच्या पिढीत. ५० टक्के एचएफ रक्तवालीला परत प्युअर एचएफ भरलं की ७५, तिच्या कालवडीला परत भरलं की साडेसत्त्याऐंशी, आणि मग एप्रिल-मेच्या उन्हात ती गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते, चारा सोडते, दूध उतरतं, वर गोचीड तापाचं टेन्शन वेगळंच. मग फॉगर लावा, मुक्तगोठा करा, भरवली की उलटते (गाभण न राहता परत माजावर येते) म्हणून परत डॉक्टर बोलवा, म्हणजे दुधाचा पैसा असा इकडूनतिकडून जातो. आपल्या हवामानाला विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास ठेवा असं जाणकार सांगतात ते उगाच नाही. हिशोब सोपाय, गाय ७५ ची असेल तर ५० टक्के क्रॉस वळूची कांडी मागा, कालवड ६२.५ ची होते. पण ही कांडी डॉक्टरच्या कंटेनरमध्ये असेलच असं नाही, आधी सांगून ठेवावं लागतं.

जर्सी - ४ स्टार. लोक नाक मुरडतात, लिटर कमी म्हणून. पण खाणं कमी, ऊन एचएफपेक्षा बरं सोसते आणि फॅट चांगली लागते. डेअरीत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) रेट धरतात, एचएफचं पातळ दूध तिथं मार खातं. शिवाय अंगाने लहान गावठी कालवड असेल तर पहिल्या वेताला जर्सीच भरा, वासरू लहान असतं, एचएफचं मोठं वासरू अडलं तर गाय आणि वासरू दोन्ही जायची वेळ येते.

गीर - ही देशी जात, जास्त रक्ताच्या एचएफ गाईला उतारा म्हणून मस्त, फक्त दुधाला थोडी कात्री लागते. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही संकरित गाय याच डोक्याने केलीय, निम्मं एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. सगळ्यात संतुलित मला हीच वाटते.

सेक्स्ड सीमेन (कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) महाग, कालवडीची खात्री ९० टक्क्यांच्या आसपास, पण गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी. तरण्या निरोगी कालवडींनाच वापरा, सारख्या उलटणाऱ्या गाईवर पैसे घालू नका.

आणि अकोले-इगतपुरीच्या पावसातली डांगी किंवा चांगली खिल्लार अशी अस्सल देशी गाय दावणीला असेल तर क्रॉसच्या भानगडीत पडूच नका राव, तिला तिचाच वळू. क्रॉस करायचा तो जात न सांगता येणाऱ्या गावठीवर.

भरताना कांडीवरचा वळूचा नंबर आणि जात वाचून, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी कोणता वळू नको ते कळतं, नाहीतर बापाचीच कांडी लेकीला जाते. आमच्याकडचे डॉक्टर आधी हसायचे, आता स्वतःच कांडी पुढे करतात.