परवीन मिस्त्री की कावेरी मूर्ती: आधी कोणाला वाचायचं?

दोघींच्या गोष्टी 1921 सालात सुरू होतात. सुजाता मेसी यांची परवीन मिस्त्री मुंबईच्या फोर्टातली पारशी सॉलिसिटर, तर हरिणी नागेंद्र यांची कावेरी मूर्ती बंगळुरातली एकोणीस वर्षांची नवी सून. दोघीही खुनांचा तपास करतात, आणि दोन्ही रहस्यकथा-मालिका मूळ इंग्रजीत आहेत. बाईवर घातलेलं बंधनच तपासात कामी आलं तर अशी रहस्यकथा खरी जमते, आणि इथे परवीन सरस ठरते.

ती ऑक्सफर्डला कायदा शिकून वडिलांच्या पेढीत काम करते, पण कोर्टात युक्तिवाद करू शकत नाही. वकिलीतली स्त्रियांवरची बंदी 1923च्या कायद्याने उठली. पहिल्या पुस्तकात (2018, भारतीय आवृत्ती ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’) एका गिरणीमालकाच्या तीन विधवा आपली मेहेर (लग्नात नवऱ्याकडून बायकोला ठरलेली रक्कम) वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, देऊन टाकणारा कागद करतात. एकीने सहीच्या जागी फुली मारलेली. मग कागदात काय आहे हे तिला समजावलं कोणी? हे विचारायला पुरुष वकील जनान्यात, म्हणजे घरातल्या बायकांच्या भागात, जाऊ शकत नाही, परवीन जाऊ शकते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पडदानशीन स्त्रियांची अशीच कायदेशीर कामं बघत. परवीन घडवताना मेसींपुढे त्या होत्या.

अडचण एकच. तपास रंगात आला की कथा 1916च्या सुमारास मागे जाते, परवीनच्या लग्नाकडे आणि कलकत्त्याच्या सासरी. पाळीत कोंडून ठेवणं, मारहाण, सगळं येतं. वाचायला जड जातं, पण ते भाग गाळू नका. 1865च्या पारशी विवाह कायद्यात बाईला घटस्फोट मिळणं किती अवघड होतं, हे तिथेच कळतं, आणि पुढच्या पुस्तकांतलं तिचं जपून वागणं त्यावरच उभं आहे.

कावेरीचं जग हलकंफुलकं. तिला गणिताची ओढ, साडी नेसून पोहायला उतरते, आणि सेंच्युरी क्लबातल्या मेजवानीच्या रात्री खून होतो. नवरा रामू बॉवरिंग हॉस्पिटलात डॉक्टर, तिला शिकू देणारा. इन्स्पेक्टर इस्माईलही तिचं ऐकून घेतात. त्यामुळे विरोधाची धार बोथट होते आणि चुरस कमी पडते. नागेंद्र स्वतः पर्यावरणशास्त्रज्ञ, म्हणून झाडं आणि बागा मात्र नेमक्या उतरल्यात. शेवटी पाककृतीही आहेत.

दोन-तीन संध्याकाळींत संपेल असं काही हवं असेल, तर कावेरी घ्या. कायदा, वारसा आणि जुनी मुंबई यांत रस असेल, तर परवीन.

परवीनचं दुसरं पुस्तक, ‘द सातापूर मूनस्टोन’ (2019), सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात घडतं. सह्याद्रीच्या मोहाने तिथून सुरुवात करू नका, पहिल्यातल्या लग्नाचा निकाल आधीच फुटेल. दोन्ही मालिकांच्या तिसऱ्या पुस्तकांत प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे ब्रिटिश युवराजाचा, दौरा आहे, मेसींकडे नोव्हेंबर 1921ची पेटलेली मुंबई आणि नागेंद्र यांच्याकडे बंगळुरू. तिथवर पोचलात तर ती दोन लागोपाठ वाचा.