स्टार सिटिझन की मायटी नंबर ९: कोणती फसगत परवडली?

दोन्ही व्हिडिओ गेम लोकवर्गणीतून. पैसे आधी घेतले, तारखा दोघांनीही पाळल्या नाहीत.

मायटी नंबर ९ चा मामला छोटा. 'मेगा मॅन' या गेममुळे नावाजलेले केइजी इनाफुने २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर आले. मागितले ९ लाख डॉलर, मिळाले ३८ लाखांहून जास्त. एप्रिल २०१५ चा वायदा सरकत सरकत जून २०१६ वर गेला आणि हाती आला एक सुमार गेम. ३डीएस आणि व्हिटा या हातात धरून खेळायच्या यंत्रांवर तर तो आलाच नाही. कहर म्हणजे पहिला गेम द्यायच्या आधीच 'रेड ॲश' या दुसऱ्या गेमसाठी पुन्हा झोळी पसरली! लोकांनी ती भरली नाही, बरं झालं.

स्टार सिटिझन या अवकाशातल्या गेमचं प्रकरण वेगळं. त्याचे निर्माते क्रिस रॉबर्ट्स यांनी २०१२ मध्ये घोषणा केली, २०१४ ची तारीख दिली. दशक उलटलं तरी गेम अल्फात, म्हणजे अर्धवट चाचणी-आवृत्तीतच राहिला, आणि जमा रक्कम ७० कोटी डॉलरच्या पुढे गेली. खरी गोम इथेच आहे: उशीर झाला म्हणून कंपनीचं काही अडत नाही, कारण गेममधल्या अवकाशजहाजांची खऱ्या पैशांत विक्री चालूच. काही जहाजं तर नुसत्या चित्रांवर विकली गेली. मार्क हॅमिल, गॅरी ओल्डमन हे अभिनेते असलेल्या 'स्क्वाड्रन ४२' या त्याच्या जोडगेमसाठी २०२४ मध्ये २०२६ चा वायदा झाला.

तरी ग्रहावरून उडून लोडिंगशिवाय थेट अवकाशात जाणं थक्क करतं, हे मान्य.

मला मायटीच परवडला; तिथे निदान हिशेब एकदाच मिटला. स्टार सिटिझन बघायचाच असेल तर 'फ्री फ्ला'य म्हणजे कंपनी तो फुकट खेळू देते त्या दिवसांत खेळा.