पोटात ठेवण्याचा स्पंज आणि बाहेर काढण्याचा स्पंज: निवड करताना

ऑपरेशन थिएटरात ‘स्पंज’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. एक सुती गॉजचा, जो रक्त आणि पाणी टिपून घेतो व मोजून बाहेर काढावाच लागतो; दुसरा जिलेटिनचा, जो रक्त थांबवण्यासाठी लावतात आणि जो शरीरात विरघळून जातो. लहान रुग्णालयासाठी सामानाची यादी करणाऱ्याने किंमत विचारण्याआधी ही फारकत करावी, कारण पहिल्याच्या बाबतीत धास्ती असते ती तो आत विसरण्याची, तर दुसऱ्याच्या बाबतीत तो आत फुगण्याची.

टिपण्याच्या सामानाची निवड फारशी अवघड नाही. उघड्या पोटात सुटा छोटा गॉज टाकू नये. तेथे शेपटी (बाहेर लोंबणारी फीत) असलेला मोठा मॉप, म्हणजे गॉजची जाड मोठी घडी, सलाइनमध्ये भिजवून, पिळून वापरावा, म्हणजे आतड्यांच्या आवरणाला कोरड्या सुताचा घासा बसत नाही. बेरियम सल्फेटचा धागा विणलेला माल थोडा महाग पडतो, पण मोजणी जुळली नाही तर एक्स-रेमध्ये दिसतो तो हा धागाच. बिनधाग्याचा गॉज ड्रेसिंगसाठी जरूर घ्यावा, मात्र तो शस्त्रक्रियेच्या ट्रॉलीवर येऊ देऊ नये. मॉपचा आणखी एक उपयोग अनेकदा दुर्लक्षिला जातो: वापरण्याआधीचे, म्हणजे भिजवून पिळलेल्या मॉपचे, वजन माहीत असेल तर रक्ताने भिजलेल्या मॉपच्या वाढलेल्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण 1 मिलिलिटर रक्त गेले असे धरता येते, आणि हा अंदाज नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो.

खरा विचार करावा लागतो तो रक्त थांबवणाऱ्या आणि शरीरात विरघळणाऱ्या दोन वस्तूंमध्ये, जेलफोम आणि सर्जिसेल यांच्यात. जेलफोम म्हणजे डुकराच्या कातडीपासून मिळवलेल्या जिलेटिनचा फेस. तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे 45 पट रक्त शोषून धरतो, कोरडा किंवा सलाइनमध्ये भिजवून वापरता येतो, थ्रॉम्बिनबरोबरही (रक्त गोठवणारे प्रथिन) चालतो आणि 4 ते 6 आठवड्यांत विरघळतो. सर्जिसेल हे ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतिजन्य तंतूंपासून बनवलेले कापड आहे. ते आम्लधर्मी असल्याने जंतूंची वाढ रोखण्यास मदत करते, परंतु त्याच आम्लतेमुळे थ्रॉम्बिन निकामी होते. म्हणून ते कोरडेच लावायचे, थ्रॉम्बिनमध्ये भिजवायचे नाही. पातळ थरात लावले तर ते साधारण 1 ते 2 आठवड्यांत विरते. जाड घडी कोंबली तर मात्र जास्त काळ रेंगाळते.

हाताळणीत माझा कल सर्जिसेलकडे आहे. ते हवे तसे कापता येते, यकृताच्या किंवा पित्ताशयाच्या जागेच्या ओबडधोबड पृष्ठभागावर बसते आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोर्टमधून (उपकरणे आत घालण्याच्या छोट्या नळीतून) सहज आत जाते. जेलफोम भिजल्यावर तुटतो आणि बोट काढताच जागेवरून सरकू शकतो. उलट हाडाच्या पृष्ठभागावरून झिरपणारे रक्त किंवा दात काढल्यानंतरची खोबण यांसाठी जेलफोम स्वस्त आणि पुरेसा ठरतो. रुग्णाला प्राणिजन्य पदार्थ चालतो का, हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारणे सभ्यपणाचेही आहे आणि शहाणपणाचेही.

मज्जारज्जू, दृष्टी-चेता किंवा हाडांनी वेढलेली कोणतीही अरुंद जागा असेल, तर दोन्हींपैकी काहीही आत ठेवून बाहेर पडू नये. दोन्ही फुगतात आणि फुगायला जागा नसली की चेतातंतू दाबतात. तेथे रक्त थांबताच तुकडा काढून घ्यावा. रक्ताची चिळकांडी उडवणाऱ्या धमनीसाठी तर यांपैकी काहीच कामाचे नाही. ती बांधावीच लागते.

बोन वॅक्स, म्हणजे हाडातून झिरपणारे रक्त थांबवण्यासाठी हाडावर चोळायचे मेण, 1892 मध्ये ब्रिटिश शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मांडले. ते केवळ मेण असल्याने विरघळत नाही आणि हाड जुळण्यात अडथळा आणते, त्यामुळे जेथे हाड पुन्हा जुळायचे आहे तेथे ते टाळावे. फायब्रिन सीलंट (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा चिकट लेप) प्रभावी असले तरी महाग आहे. क्वचित लागणाऱ्या ठिकाणी त्याचा साठा करण्यात अर्थ नाही.

दहा-वीस खाटांच्या ठिकाणी धाग्याचे मॉप भरपूर, जेलफोम नेहमीचा आणि सर्जिसेलची मोजकी पाकिटे, इतके पुरते. सर्जिसेल आत ठेवले असेल तर शस्त्रक्रियेच्या नोंदीत ते कोठे ठेवले हे लिहावे, कारण नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये त्यात अडकलेली हवा हुबेहूब पुवाच्या गळवासारखी दिसते आणि नोंद नसेल तर रुग्णाचे पोट विनाकारण पुन्हा उघडले जाऊ शकते.